स्तन्य, शस्त्र आणि संकोच

या सदरांत आम्हीं आजवर मुलांचे पाढे, म्हाताऱ्यांचें पथ्यपाणी, घरांतील वादविवाद अशा नाना विषयांवर लिहिलें. आजचा विषय वाचून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील. साठी उलटलेल्या मास्तरानें बाळंतिणीच्या खोलीविषयीं लिहिण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण आहे. आमच्या नात्यांतील एका घरीं नवें जन्मलेलें बालक पांच दिवस अर्धपोटीं राहिलें, आणि त्याचें खापर ज्यांच्या माथीं फुटावें त्यांत आमचा क्रमांक पहिला होता.

हकीकत अशी. आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीवर एकविसाव्या वर्षीं एक शस्त्रक्रिया झाली. वयांत आल्यापासून तिच्या स्तनांचा भार शरीराच्या मानानें इतका वाढला होता कीं मान, खांदे आणि पाठ सतत दुखत; खांद्यांवर वळ उठत; कॉलेजांत जाणेंही तिनें जवळजवळ सोडलें होतें. शल्यतज्ज्ञांनीं तो भार कमी केला आणि पोर ताठ मानेनें चालूं लागली. पुढें तीन वर्षांनीं लग्न ठरलें तेव्हां बहिणीनें आम्हांस विचारिलें, “दादा, त्या मंडळींना ऑपरेशनचं सांगायचं का?” आम्ही पोक्तपणाचा आव आणून म्हणालों, “झाकली मूठ सवा लाखाची. विचारलं तर सांग. आपण होऊन कशाला?” कोणी विचारिलें नाहीं. मूठ झांकलेलीच राहिली.

लग्नानंतर दोन वर्षांनीं मार्गशीर्षांत माहेरीं मुलगी झाली. जन्माचें वजन २ किलो ९०० ग्रॅम. घरांत आनंद होता, कारण बाळ रडत नव्हतें. “किती गुणाची पोर! भुकेची तक्रार नाही की रात्रीचं जागवणं नाही,” असें जो तो म्हणे. बाळ स्तनाशीं लागे, दोनचार घोट घेतल्यासारखें करी आणि झोंपीं जाई. लंगोट दिवसांतून दोनतीनदांच भिजे. त्यावर एकदां विटकरी डाग दिसला, तो उष्णतेचा म्हणून सर्वांनीं सोडून दिला. सटवाईच्या पूजेसाठीं विहीणबाई आदल्या दिवशींच डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन आल्या. त्या सुनेस सारख्या म्हणत, “खा गं, म्हणजे दूध येईल. आमच्याकडे सगळ्यांना भरपूर दूध आलं.” बोलणें मायेचेंच होतें, पण सून प्रत्येक वेळीं मान खालीं घाली.

सहाव्या दिवशीं सकाळीं बाळास तपासणीस नेलें. कांट्यावर वजन भरलें २ किलो ५५० ग्रॅम. नवजात बालकाचें वजन पहिल्या दोनचार दिवसांत थोडें उतरतेंच. शेंकडा सातापर्यंत उतरलें तर सहसा घाबरण्याचें कारण नसतें. शेंकडा दहा ओलांडलें तर मात्र त्याच दिवशीं कारण शोधावें लागतें. येथें तें शेंकडा बारा उतरलें होतें. जिला आम्ही गुणाची म्हणत होतों ती पोर रडण्याइतकेंही त्राण नसल्यामुळें निजून राहत होती!

आम्ही बाहेर बाकावर बसलों होतों. बहीण लगबगीनें आली. “दादा, डॉक्टरीणबाई विचारताहेत, छातीचं कधी ऑपरेशन झालं होतं का? विहीणबाई तिथंच उभ्या आहेत. सांगू का?” सदतीस वर्षें मुलांना खरें बोलावयास शिकविणारे आम्ही, क्षणभर आमच्या तोंडून शब्द फुटेना. मग म्हणालों, “सगळं सांग. आणि सांगू नको म्हणणारा मी होतो, हेही सांग.”

विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या, असें बहिणीनें मागाहून सांगितलें. मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, “अगं, हे आधी कळतं तर लाडवांचा मारा केला नसता मी. माझ्या बोलण्यानं तुला किती लागलं असेल!” आम्हांस त्या कांहींच बोलल्या नाहींत. तें न बोलणेंच आम्हांस पुरेसें झालें.

आतां शास्त्राकडे वळूं. पुढें डॉक्टरीणबाईंनीं आम्हां सर्वांस बसवून जें समजाविलें तें आमच्या मास्तरी भाषेंत सांगतों. बागेस पाणी मिळावयाचें तर तीन गोष्टी लागतात : विहीर, पाट, आणि मोट हांकणाऱ्यास वेळेवर दिलेली हांक. स्तनांतील द्राक्षांच्या घडांसारख्या ग्रंथि ही विहीर. तेथून स्तनाग्रापर्यंत येणाऱ्या बारीक दुग्धनलिका हे पाट. आणि बाळ चोखूं लागलें कीं ती वार्ता मेंदूस पोंचविणारे मज्जातंतु ही हांक. ती हांक पोंचली कीं मेंदूकडून दोन स्राव सुटतात : प्रोलॅक्टिन दूध तयार करवितो आणि ऑक्सिटोसिन तें बाहेर सोडवितो. शस्त्रक्रियेनें या तिहींपैकीं काय दुखावलें, यावर सारें अवलंबून असतें.

म्हणूनच ‘स्तनाची शस्त्रक्रिया झाली, आतां दूध येणार नाहीं’ हें सरसकट विधान चुकीचें. आणि ‘आई झाली म्हणजे दूध येतेंच’ हेंही तितकेंच चुकीचें. एका बाजूची साधी गांठ काढली असेल तर पुष्कळदां कांहींच अडत नाहीं. अडलेंच तर दुसरी बाजू बहुधा उणीव भरून काढते. गळूं फोडून निचरा केला असेल तरीही वैद्यकीय सल्ल्यानें पाजणें बहुधा चालू ठेवितां येतें. स्तनाग्राभोंवतींच्या काळ्या वर्तुळाच्या कडेनें छेद घेतला असेल तर पाट आणि हांक या दोहोंस धक्का लागण्याचा संभव अधिक. स्तनाखालील घडींतून घेतला असेल तर कमी. भार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेंत स्तनाग्र खालच्या मांसाशीं जोडलेलें राखून वर सरकविलें असेल तर आशेस पुष्कळ जागा असते. तें पूर्ण सोडवून पुन्हां बसविलें असेल तर पाट बहुतेक तुटलेले असतात. कर्करोगासाठीं एक स्तन काढावा लागला असेल तरी दुसऱ्यानें पाजितां येतें. किरणोपचार झालेल्या बाजूस मात्र दूध फार थोडें येतें किंवा येतच नाहीं. आणि त्या रोगावरील औषधें चालू असतील तर पाजण्यापूर्वीं वैद्यांस विचारिलेंच पाहिजे.

आणखी एक दिलासा आहे. मज्जातंतु कालांतरानें कांहीं अंशीं पुन्हां वाढतात, तुटलेल्या नलिकांपैकीं कांहीं पुन्हां जुळतात, आणि प्रत्येक गरोदरपणांत ग्रंथींची नवी वाढ होते. यामुळें पहिल्या मुलास अपुरें पडलेलें दूध दुसऱ्याच्या वेळीं वाढल्याचीं उदाहरणें आढळतात. परंतु ज्या नलिकेचा मार्गच बंद झाला आहे ती कोणत्याही लाडवानें उघडत नाहीं. शतावरी, मेथी, अळीव यांनीं आईस बळ येत असेल. त्यांच्या भरंवशावर बाळाचें वजन न पाहतां बसूं नये.

भाचीच्या बाबतींत डॉक्टरीणबाईंनीं तीन कामें नेमून दिलीं. पहिलें, बाळाचें पोट भरणें. त्याच दिवशीं वाटी-चमच्यानें वरचें दूध सुरू झालें. ही गोष्ट आईस फार लागली. पण भुकेल्या बाळास चोखण्याची शक्तिच राहत नाहीं, म्हणून आधीं पोट भरलें पाहिजे, असें बाईंनीं तिला समजाविलें. दुसरें, असलेलें दूध टिकविणें. चोवीस तासांत आठ ते बारा वेळां बाळास स्तनाशीं धरावयाचें आणि नंतर हातानें किंवा यंत्रानें राहिलेलें दूध काढावयाचें. कारण जितकें दूध बाहेर जाईल तितकें नवें होतें. तिसरें, बाळाची स्तनाशीं असलेली गोडी मोडूं न देणें. यासाठीं एक बारीक नळी घेऊन तिचें एक टोंक वरच्या दुधाच्या वाटींत आणि दुसरें स्तनाग्राशीं लावीत. बाळ चोखी तेव्हां आईचें आणि वाटींतलें दूध एकाच वेळीं त्याच्या मुखांत जाई. उपकरण साधें, पण ज्या दिवशीं तें जमलें त्या दिवशीं आमची भाची प्रथमच हंसली.

बाळाचें वजन सोळाव्या दिवशीं जन्माइतकें झालें. दीड महिन्यानें पाजण्यापूर्वीं आणि पाजल्यानंतर बाळास तोलून पाहिलें तेव्हां कळलें कीं आईचें दूध बाळाच्या गरजेच्या निम्म्याहून थोडें कमी आहे. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलें. “अर्धंच?” असें ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “अर्धं म्हणजे शून्य नव्हे. जेवढं देतेस तेवढ्यानं तिचं रोगापासून रक्षण होतंच आहे.” आमच्या मतें साऱ्या विषयाचें सार या उत्तरांत आहे. सहा महिने केवळ आईचेंच दूध द्यावें, आणि पुढें अन्नाबरोबर दोन वर्षें किंवा अधिक काळ तें चालू ठेवावें, हा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश योग्यच आहे. परंतु जिला पूर्ण देणें शक्य नाहीं तिनें अर्धें देऊं नये, असा त्याचा अर्थ कोणीं लावूं नये. आमची नात आज सव्वा वर्षाची आहे. वरण-भात खाते, घरभर धांवते, आणि सकाळसंध्याकाळ आईजवळ पिते.

आमच्या पूर्वजांसही ही अडचण ठाऊक होती. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनीं दूध आटतें, आणि अपत्याचें दर्शन, स्पर्श व स्मरण यांनीं तें वाहूं लागतें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. धसका आणि लाज यांनीं दूध उतरण्यास अडथळा येतो, हें आजचें शास्त्रही मानतें. दूध न येणाऱ्या मातेच्या बालकासाठीं धात्री नेमण्याची व्यवस्था जुन्या वैद्यकग्रंथांत आहे. आणि १६५७ मध्यें पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनीं दूध पाजिलें, हें महाराष्ट्रांतील पोरासोरांस ठाऊक आहे. त्यामुळें सईबाईंच्या मातृत्वास उणेपणा आला, असें कोणी म्हणत नाहीं. मग आपल्याच घरच्या सुनेच्या बाबतींत जीभ इतकी सैल कां व्हावी? आजच्या काळीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ मध्यें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. अशा पेढ्यांतील दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बालकांसाठीं राखलेलें असतें. परंतु एका मातेचें दूध दुसरीच्या बालकास देण्यांत कमीपणा नाहीं, ही जुनी समजूत त्यांनीं पुन्हां जागी केली.

आतां आमच्या वाचकभगिनींस आणि त्यांच्या घरच्या मंडळींस चार शब्द. तरुण मुलीवर स्तनाची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर ‘हिला पुढें मूल पाजावयाचें आहे’ हें शल्यतज्ज्ञांस आधींच सांगावें, आणि शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा. गरोदरपणीं तो कागद प्रसूतितज्ज्ञांस दाखवावा. बाळंत झाल्यावर नव्हे. जन्मानंतर पहिल्या तासांत बाळ स्तनाशीं धरावें आणि चिकाचा थेंबही वायां घालवूं नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं एखादा भाग दाटून दुखूं लागला तर बहुधा तेथील पाट तुटलेला आहे असें समजावें. गार पट्ट्यांनीं आराम पडतो आणि तो भाग कांहीं दिवसांत आपोआप ओसरतो. ताप आला तर मात्र वैद्य गांठावा. पांचव्या दिवसानंतर बाळाचे लंगोट दिवसांतून निदान सहा वेळां भिजले पाहिजेत आणि शी पिवळी झाली पाहिजे. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचें वजन बहुधा परत येतें. बाळ फार शांत आहे म्हणून आनंद मानण्यापूर्वीं एवढें पाहावें. वरचें दूध लागलेंच तर तें वैद्यांच्या सल्ल्यानें, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्यानें द्यावें; बोंडलें वापरणें असेल तर त्याची चोंच आंतून स्वच्छ होते कीं नाहीं हें नीट पाहावें. एक वर्षाच्या आंत मध चाटवूं नये, आणि गाईचें दूधही मुख्य पेय म्हणून देऊं नये.

उरतां उरली ती झांकलेली मूठ. मुलीच्या अंगावरील शस्त्रक्रियेचा व्रण हा कांहीं तिच्या चारित्र्यावरील डाग नव्हे. जें स्थळ त्यामुळें मोडेल तें मोडलेलें बरें. आणि जें जुळेल त्या घरीं बाळंतपणाच्या वेळीं हातीं खरी माहिती असेल. आमच्या विहीणबाई तेव्हांही हेंच करत्या, हें आतां आम्हांस ठाऊक आहे. विचारण्याची संधि मात्र आम्हींच त्यांस दिली नाहीं. असो. ज्या घरीं अशी लेक किंवा सून असेल त्यांनीं सातव्या महिन्याची वाट न पाहतां तिचा कागद काढून ठेवावा, इतकीच विनंति.