आधी वही, मग वेबसाइट



दर दोन-तीन महिन्यांनी चळवळीतला कुणी ना कुणी तरुण म्हणतो, "आपण समाजासाठी एक अ‍ॅप काढू." त्यात काय असेल असं विचारलं की यादी सुरू होते: नोकऱ्या, शिष्यवृत्ती, वधू-वर, बातम्या, अत्याचाराच्या तक्रारी, देणग्या. असं अ‍ॅप पूर्ण होत नाही आणि झालंच तर कुणी उघडत नाही. एकच काम घ्या. ज्याच्यावाचून कुणाचं तरी खरंच अडलं आहे, असं एक.

उदाहरण म्हणून अत्याचार प्रकरणांचा पाठपुरावा घेऊ. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानुसार तपास करून ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायला हवं. पीडितांना मिळणारी आर्थिक मदत टप्प्याटप्प्याने येते. अनेक गुन्ह्यांत २५ टक्के गुन्हा नोंदल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेली शिक्षा झाल्यावर. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी, असं नियमच सांगतात. म्हणजे सगळा खेळ तारखांचा आहे, आणि तारखा लक्षात ठेवायला माणसापेक्षा यंत्र बरं. आपल्या वेब अ‍ॅप्लिकेशनने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: आज या जिल्ह्यात कोणत्या प्रकरणाची कोणती मुदत उलटली आहे? ते उत्तर एका पानावर छापून समितीच्या बैठकीत ठेवता आलं पाहिजे.

"आपल्याकडे इंजिनिअर मुलं आहेत, दोन दिवसांत करून टाकतील," असं कुणी म्हणेल. कोड दोन दिवसांत होईलही. पण काय लिहायचं हे ठरलेलं नसतं, खरी अडचण तिथे आहे. म्हणून आधी दोन महिने वीस-पंचवीस प्रकरणं साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये भरा. तेव्हा कळतं की एका एफआयआरमध्ये तीन पीडित असू शकतात, आणि मदत प्रत्येकाची वेगळी. म्हणजे 'प्रकरण' आणि 'पीडित' यांचे तक्ते वेगळे हवेत. कधी गुन्हा आधी साध्या कलमांखाली नोंदला जातो आणि अ‍ॅट्रॉसिटीची कलमं आंदोलनानंतर वाढवली जातात. मग गुन्हा नोंदल्याची तारीख आणि कलम वाढवल्याची तारीख, दोन्हींचे रकाने लागतात. मदतीची टक्केवारी गुन्ह्यागणिक बदलते आणि नियमही बदलतात (२०१६ मध्ये बदललेच), त्यामुळे हे आकडे कोडमध्ये कोरू नका, बदलता येतील अशा तक्त्यात ठेवा. एकाच नावाची गावं प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. गाव टाइप करायला न लावता केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतल्या कोडवरून निवडायला द्या. आणि कुणी '१२' लिहील, कुणी इंग्रजी आकडे, दोन्ही चालले पाहिजेत.

कार्यकर्त्याच्या हातात स्वस्त मोबाइल आहे आणि तालुक्याबाहेर नेटवर्क जातं. फॉर्म एका पानाचा, चित्रं नाहीत, आणि नेटवर्क गेलं तरी भरलेलं फोनमध्येच जपून राहील असा. भाषा कोणती वापरायची, यावर तासभर वाद नको. जँगो असो की लाराव्हेल, टीममधल्या किमान दोघांना जे येतं ते घ्या, म्हणजे एकाला नोकरी लागून तो पुण्याला गेला तरी काम थांबत नाही. लॉगिनसाठी एसएमएसवर ओटीपी पाठवायचा तर आधी दूरसंचारच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी करावी लागते, हेही नियोजनात धरा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ही यादी चुकीच्या हातात पडली तर ती साक्षीदारांचा पत्ता सांगणारी यादी आहे. गावात बहिष्कार कसा टाकला जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून जे लागत नाही ते विचारूच नका. आधार क्रमांक कशाला हवा? जातीच्या दाखल्याचा फोटो कशाला? लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तिथे नाव न ठेवता क्रमांकच ठेवा. तालुक्याच्या कार्यकर्त्याला आपल्या तालुक्याचंच दिसावं, मोबाइल क्रमांक फक्त वकील आणि समन्वयकाला. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरायचा ही आपली सवय इथे जीवघेणी ठरू शकते. कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहिली पाहिजे. माहिती घेताना कुटुंबाची संमती मराठीत, वाचून दाखवून घ्या, आणि त्यांनी सांगितलं तर नोंद पुसण्याची सोय ठेवा.

शेवटी मालकी. डोमेन आणि सर्व्हर एकाच्या ईमेलवर असतात आणि गट फुटला की वेबसाइटही त्याच्याबरोबर जाते. हे आपल्याकडे नवीन नाही. डोमेन नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्या, चाव्या तिघांकडे, वार्षिक खर्चाची तरतूद सर्वसाधारण सभेत मंजूर करून. बॅकअप रोज, दुसऱ्या ठिकाणी, कुलूपबंद, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने लिहून ठेवा. पुढच्या जिल्हा बैठकीला लॅपटॉप आणला नाही तरी चालेल, पण ती वीस प्रकरणं भरलेली वही घेऊन या.