फिकह मोबाइलवर, पण धडा कुठला?

मैत्रिणींनो, पूर्वी मुस्लिम घरांत सासरी निघालेल्या मुलीला ‘बहिश्ती जेवर’ द्यायची रीत होती. दागिना नव्हे, पुस्तक! मौलाना अशरफ अली थानवींनी ते खास बायकांसाठी लिहिलं होतं. आता आमच्या बीडमध्येही ते काम मोबाइल करतो. वजू कसं करायचं, रोजा कशानं तुटतो, सगळं व्हिडिओवर. यालाच फिकह म्हणतात, म्हणजे रोजच्या जगण्याचे धर्मनियम.

जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत हे शिकवता येणार नाही. पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धर्मशिक्षण नको, असं घटनेचं २८वं कलम सांगतं आणि ते बरोबरच आहे. पण मदरशात, मकतबात पडदा लावून शिकवायला काय हरकत आहे? माझी तक्रार वेगळीच आहे. नेलपॉलिशवर वजू होतं का, यावर ढीगभर व्हिडिओ. वाटणीवर मात्र कुणी बोलत नाही.

खरं तर पडद्यावर सगळ्यात छान समजेल ते वाटणीचंच गणित. समजा, आठ लाखांचं घर मागे ठेवून बाप गेला. त्याचे आईवडील आधीच गेलेले. मागे बायको, तीन मुलगे, एक मुलगी. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे एक लाख. मुलांना दोन-दोन लाख, मुलीला एक. भावाच्या निम्मा का होईना, हिस्सा आहे! (हक्कसोडपत्रावर मुकाट सही करण्यात आपण हिंदू बायकाही मागे नाही. २००५ च्या दुरुस्तीनं बरोबरीचा हिस्सा मिळाला, तरी!) शिवाय न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज. तो गेला तर वाटणीच्या आधी ते फेडायचं. खुला मागायचा हक्क बाईलाही आहे. हे किती मुलींना ठाऊक असतं?

व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून शेजारी शिकलेली आलिमा हवीच. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं एका दमातला तीन तलाक रद्द केला, २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा ठरला. त्याआधीचं एखादं व्याख्यान मोबाइलवर आलं, तर पोरीला हे कोण सांगणार?

आणि घरात मोबाइल असतो भावाचा. बहिणीच्या हिश्श्याचा धडा तिनं त्याच्याच मोबाइलवर बघायचा? त्यापेक्षा मदरशातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्या जणींनी मिळून बघावा. आयांनाही बोलवा त्या दिवशी.