उलाळ गाडी आणि टॉप लिंकची कडी

गंगापूर तालुक्यातल्या काळ्या रानात एक जोराचा पाऊस पडला की चाक फसते, आणि लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा नेण्याचा दिवस काही पावसाला विचारून ठरत नाही. मग फसलेली ट्रॉली ओढायला दुसरा ट्रॅक्टर येतो. साखळी कुठे अडकवायची, याचा विचार त्या घाईत कोण करणार? वाकायला नको म्हणून ती ट्रॅक्टरच्या मागे वरच्या बाजूला, हाताशी येणाऱ्या टॉप लिंकच्या कडीत अडकते. ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटतो तेव्हा अनेकदा दोष या कडीचा असतो. बातमीत मात्र ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ एवढेच छापून येते.

बैलगाडीच्या काळात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नसे. बोजा मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड, आणि गाडीवान चार गोण्या इकडच्या तिकडे करून तोल साधत असे. ट्रॅक्टरला हाच न्याय लागू पडतो, फक्त इथे आस म्हणजे मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल. चाके चिखलात रुतून फिरेनाशी झाली आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच अ‍ॅक्सलभोवती फिरवू लागतो. साखळी अ‍ॅक्सलच्या खाली, ड्रॉबारला असेल, तर नाक उचलले जाताना ड्रॉबार आणखी खाली जातो आणि मागे खेचणारी ओढ कमी होते. साखळी अ‍ॅक्सलच्या वर, टॉप लिंकच्या कडीत असेल, तर तीच ओढ ट्रॅक्टरला मागे लोळवते. पूर्ण उलटायला जेमतेम दीड सेकंद लागतो आणि सावरण्याची वेळ त्याच्या निम्म्यातच संपते. ‘माझा ड्रायव्हर वीस वर्षांचा जुना आहे’ हे म्हणणे म्हणूनच इथे निरुपयोगी. धोका ध्यानात येऊन पाय क्लचवर जाईपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.

आता यंत्रे हलकी होत चालली आहेत, म्हणून हा प्रश्न अधिक जवळ आला आहे. २०१९ मध्ये पोलॅरिसने भारतात ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येणारी, मोटारसायकलसारखी चौचाकी एटीव्ही आणली. तेव्हा किंमत आठ लाखांच्या घरात, ताकद ३४ अश्वशक्ती. ओढण्याची क्षमता मात्र साडेपाचशे किलोच्या आसपास. म्हणजे पन्नास किलोच्या अकरा गोण्या, आणि त्यातूनही ट्रॉलीचे स्वतःचे वजन वजा करायचे. २०२१ मध्ये आलेला ‘स्वराज कोड’ ११ अश्वशक्तीचा आणि साडेचारशे किलोंचा. फळबागेत, भाजीच्या ओळींत तो उत्तम चालतो. पण ओढण्याची खरी ताकद अश्वशक्तीच्या आकड्यात नसून वजनात आणि चाकाच्या पकडीत असते, हे विक्रीच्या पत्रकात ठळक अक्षरांत कधी दिसत नाही. शिवाय ओढणे जमले तरी थांबवणे उरतेच. ब्रेक नसलेली भरली ट्रॉली उतारावर हलक्या यंत्राला ढकलत नेते.

यावर कोणी म्हणेल, पावसात माल भिजत असताना हे पुस्तकी नियम कोण पाळणार? आक्षेप खरा आहे. पण अर्धी ट्रॉली रिकामी करायला लागणारा तासभर, लांब साखळी, खालचा हूक, सावकाश सोडलेला क्लच आणि शक्य असेल तर रिव्हर्समध्ये बाहेर निघणे, यांतले काहीही विकत आणावे लागत नाही. नायलॉनचा दोर मात्र ताणून तुटला की गोफणीसारखा परततो, तेव्हा बघ्यांना लांब ठेवलेले बरे. दुसरा आक्षेप खर्चाचा: ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडू नये म्हणून त्याच्यामागे बसवायची संरक्षक लोखंडी कमान महाग पडते आणि मोसंबीच्या फांद्यांत अडकते. त्यासाठी दुमडणाऱ्या कमानी मिळतात. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून नव्या एटीव्हींवरही संरक्षक चौकट सक्तीची केली. होंडा आणि यामाहा यांनी विरोध करून तिथली एटीव्हींची विक्री सोडली, तरी सरकार मागे हटले नाही.

आपल्याकडे सक्तीची भाषा शेतकऱ्यावर लादलेला आणखी एक जाच वाटेल, हे मान्य. पण पैसे सरकार देतेच आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत ट्रॅक्टरला १ लाख २५ हजारांपर्यंत अनुदान मिळते, आणि अपघातात शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना २ लाख. पहिल्या रकमेबरोबर कमान आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण जोडले, तर दुसरी रक्कम देण्याची वेळ कमी येईल. शिवाय कमानीचा भार शेतकऱ्याच्या खिशावर न टाकता अनुदानातच वाढवून देता येईल. विक्रेत्याचे काम त्याहून सोपे आहे. शोरूममधून ट्रॅक्टर निघताना हळद-कुंकू वाहून नारळ फुटतोच. त्याआधी टॉप लिंकच्या कडीला लाल रंग फासून, साखळी इथे नाही, खाली लावायची, एवढे दाखवायला त्याला दोन मिनिटे लागतील.