किल्ली एकच, पण कोणाच्या हाती?

बँक, विमा, रेल्वे आरक्षण किंवा विमान कंपनी. समोरचा पडदा कितीही नवा दिसला तरी मूळ हिशेब अनेक ठिकाणी आजही जुन्या मध्यवर्ती संगणकांवरच ठेवला जातो. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली ३२७० जातीची टर्मिनल यंत्रे केव्हाच भंगारात गेली. मात्र काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे दाखवणारी त्यांची नक्कल कर्मचाऱ्याच्या साध्या संगणकावर आजही उघडते. हेच टर्मिनल एम्युलेशन. या खिडकीतून ठेवीदाराच्या खात्यापर्यंत थेट पोहोचता येत असल्याने तिच्या कुलपाचा प्रश्न निव्वळ तांत्रिक उरत नाही.

पहिला धोका वाटेतला. जुन्या टेलनेट पद्धतीत पासवर्डसह सारा मजकूर उघडाच वाहतो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर अशी पासवर्डचोरी झाल्यानंतरच १९९५ मध्ये ततू युलोनेन यांनी सांकेतिक रूपात संदेश नेणारी एसएसएच पद्धत तयार केली. म्हणजे उपाय तीस वर्षांपूर्वीच सापडला आहे; प्रश्न तो प्रत्येक टेबलावर सक्तीने लागू करण्याचा आहे.

दुसरा धोका खुर्चीतला. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतील एका शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे संशयास्पद व्यवहार उघड केले. तेथील यंत्रणा स्विफ्टची होती, टर्मिनल एम्युलेशनची नव्हे. पण धडा तोच. स्विफ्टचे संदेश बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेले नव्हते आणि पासवर्ड बाहेरच्यांच्या हाती गेल्याचा आरोपही तपासात पुढे आला. केंद्राला न दिसणारी खिडकी किती महाग पडते, हे तेव्हा देशाने पाहिले.

मध्यवर्ती व्यवस्थापनाचे महत्त्व येथेच आहे. जोडणीची सेटिंग्ज आणि मॅक्रो टेबलाटेबलावर विखुरलेले असले, तर एखाद्या मॅक्रोत लिहून ठेवलेला पासवर्ड कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच सेटिंग्ज एका सर्व्हरवरून दिली, की सांकेतिक जोडणी सर्वांना बंधनकारक होते, पासवर्डला ओटीपीची जोड मिळते आणि हुद्द्यापुरतेच अधिकार देता येतात. रिकामे पडलेले सत्र आपोआप बंद होते. कर्मचारी निवृत्त झाला, की त्याचा प्रवेश त्याच दिवशी थांबतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. विखुरलेल्या खिडक्यांतून हे साधणे कठीण.

अर्थात, सारी कुलपे एकाच किल्लीने उघडू लागली, की चोराची नजरही त्याच किल्लीवर जाते. म्हणूनच व्यवस्थापकाच्या अधिकारावर दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती आणि स्वतंत्र लेखापरीक्षण हवे.

एक गोष्ट मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सोडवणार नाही. सहकारी रजेवर, समोर रांग लागलेली आणि बदली माणूस नाही, अशा वेळी कार्यालयात पासवर्ड उसना दिला जातो. त्याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे. पण रिकाम्या जागा न भरणारे व्यवस्थापनही त्यात वाटेकरी आहे. कुलपावर खर्च करताना खुर्चीतल्या माणसाचाही विचार झाला, तरच ठेवीदाराचा पैसा सुरक्षित राहील.