विद्यार्थी उपग्रहांच्या सहप्रक्षेपणाबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
इन-स्पेस, बोपल, अहमदाबाद

विषय : पीएसएलव्ही व एसएसएलव्हीच्या मोहिमांत विद्यार्थी उपग्रहांना निश्चित जागा, तारीख व चाचणीची सोय मिळण्याबाबत.

महोदय,

२२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने कार्टोसॅट-२ मालिकेतील उपग्रहाबरोबर आणखी १९ उपग्रह कक्षेत सोडले. त्यांत पुण्याच्या सीओईपीचा जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. आम्ही या वाटेला लागलो ते या दोन नावांमुळे. पण ‘स्वयम्’चे काम २००८ पासून चालू होते. पदवी चार वर्षांची, उपग्रह आठ वर्षांचा. पहिले आराखडे काढणारी मुले प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी कॉलेजातून बाहेर पडली होती. शिकत शिकत बांधायचे तर वेळ लागणारच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तयार उपग्रहाला तारीख नसणे मात्र सोसवत नाही.

म्हणून पहिली मागणी अशी, की विद्यार्थ्यांसाठी राखीव जागांचे वार्षिक वेळापत्रक आणि दरपत्रक जाहीर व्हावे. स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर मोहिमांचे दर कोणालाही पाहता येतात. मुख्य उपग्रह लांबला की रॉकेट थांबणार, हे आम्ही जाणतो. तेव्हा नवी तारीख लेखी कळवावी.

तारीख लांबली की बॅटरीचा प्रश्न येतो. डिस्पेन्सरच्या पेटीत बंद असलेल्या उपग्रहाची बॅटरी हळूहळू उतरत जाते. अमेरिकेच्या आर्टेमिस-१ मोहिमेचे उड्डाण लांबत नोव्हेंबर २०२२ वर गेले, आणि तिच्यातील काही छोट्या उपग्रहांच्या बॅटऱ्या रॉकेटवर चढवल्यानंतर पुन्हा चार्ज करता आल्या नाहीत. आपल्याकडे विलंब ठरावीक दिवसांपेक्षा वाढल्यास संघाला चार्जिंगची संधी मिळावी आणि तसे करारातच लिहावे.

मुख्य उपग्रहाला आमच्या एका सैल स्क्रूचाही धोका होता कामा नये. म्हणून कंपन आणि उष्ण-निर्वात चाचण्यांत आम्हांला सूट नको, वेळ हवा. बोपलच्या तांत्रिक केंद्रात दर तिमाहीत काही दिवस विद्यार्थी संघांसाठी माफक शुल्कात राखून ठेवावेत.

कक्षा मुख्य उपग्रहाच्या सोयीने ठरते. आमच्या उपग्रहांना स्वतःचे इंजिन नसते. फार उंच सोडले तर काम संपल्यावरही ते वर्षानुवर्षे कचरा होऊन फिरत राहतील. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा पुन्हा सुरू करून वेगळी कक्षा गाठता येते, हे ‘प्रथम’ला नेणाऱ्या सी३५ने दाखवले आहे. शक्य असेल तेव्हा आम्हांला खालच्या कक्षेत उतरवावे.

शेवटची मागणी आमच्या सर्वांत जिव्हाळ्याची आहे. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणात ७५ शाळांतील ७५० मुलींचा ‘आझादीसॅट’ गमावला गेला. त्यानंतर १० फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात ‘आझादीसॅट-२’ कक्षेत पोहोचला. त्या मुलींना मिळालेली दुसरी संधी हा नियम व्हावा. रॉकेटच्या बिघाडाने उपग्रह गेला, तर त्या संघाला पुढची जागा विनाशुल्क मिळावी. विम्याचा हप्ता भरणे कॉलेजच्या आवाक्यातले नाही.

या मागण्यांवर बोलण्यासाठी भेटीची वेळ द्यावी. आम्ही स्वखर्चाने येऊ. येणाऱ्यांत तिसऱ्या वर्षाची मुले आहेत, म्हणून परीक्षेचे दिवस वगळून तारीख मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
उपग्रह संघांतील आजी-माजी विद्यार्थी व मार्गदर्शक शिक्षक, पुणे