भरपाईचं माप चुकलं की…

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं, पण न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं ते पूररोधक बंधारे फुटल्यामुळे. जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. घरं पुन्हा उभी राहावीत म्हणून राज्याने केंद्राच्या पैशातून ‘रोड होम’ योजना आणली आणि सव्वा लाखाहून अधिक घरमालकांना सुमारे ९ अब्ज डॉलर वाटले. रक्कम लहान नव्हती. खोट होती ती मोजमापात. वादळापूर्वीची घराची बाजारभावाने किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतला कमी आकडा धरायचा, त्यातून विम्याचे पैसे वजा करायचे आणि दीड लाख डॉलरच्या मर्यादेत अनुदान द्यायचं. आता विमा नसलेली दोन सारखीच घरं घ्या. दोन्हींच्या भिंतींना छतापर्यंत बुरशी, दुरुस्तीला प्रत्येकी १ लाख २० हजार डॉलर. गोऱ्यांच्या वस्तीतल्या घराचा भाव दीड लाख, म्हणून त्याला पूर्ण खर्च मिळणार. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या घराचा भाव ६० हजार, म्हणून निम्माच. सुतार मजुरी मागताना वस्ती बघत नाही आणि लाकूडही तिथे स्वस्त मिळत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या भेदभावाने पाडलेला भावच सरकारने भरपाईचं माप म्हणून वापरला, हा माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा अन्याय.

मालमत्तेच्या किमतीहून जास्त पैसे सरकारने का द्यावेत, असा प्रश्न येतो. सार्वजनिक पैशाबाबत तो रास्तच आहे. पण उद्देश लोकांना घरी परत आणण्याचा होता, आणि अर्ध्या भिंतींच्या घरात कोणी राहत नाही. सखल वस्त्या पुन्हा वसवूच नयेत, असंही म्हटलं गेलं. मग लेकव्ह्यूचं काय? तीही सखल आणि बुडालेली, पण सुखवस्तू वस्ती, ती सावरली. कृष्णवर्णीयांच्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये मात्र प्लॉटमागून प्लॉट ओस पडले. शिवाय फुटलेले बंधारे केंद्राच्याच लष्करी अभियंत्यांनी बांधलेले होते, म्हणजे भरपाईची जबाबदारीही केंद्राचीच.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पुढे पूरक अनुदान मिळालं, हे मान्य. २०११ मध्ये या मोजमापाविरुद्धच्या न्यायालयातल्या दाव्यात सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोडही झाली. तोवर अनेकजण ह्यूस्टनमध्ये, अटलांटात स्थिरावले होते. ज्यांनी पुरापासून बचावासाठी घर उंच करायला याच योजनेतून मिळालेले ३० हजार डॉलर नाइलाजाने दुरुस्तीत घातले, त्यांच्यावर राज्यानेच वसुलीचे दावे लावले. ते थांबवायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं.