टेन्शनची गोळी किती दिवसांची?

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या परिसरात रात्रीची झोप उडते, त्याला कारण आहे. उसात बिबट्या आहे, त्याच्या हल्ल्यांत तालुक्याने माणसे गमावली आहेत. शेतीची वीज रात्री आली, की मोटार चालू करायला मळ्यात जावेच लागते. अशा घरातला माणूस छातीत धडधड घेऊन जागत असेल, तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. डॉक्टरांनी त्याला अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम लिहून दिले, तर त्यात लाजण्यासारखेही काही नाही.

ही दोन्ही औषधे एकाच गटातली; त्या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम या गटातली औषधे वाढवतात. भीतीचा तीव्र झटका, न थांबणारी फिट, दारू सोडतानाची थरथर यांत त्यांचे मोल मोठे आहे. पण चिंतेसाठी ती साधारण दोन ते चार आठवड्यांपुरतीच घ्यायची असतात. त्यापुढे मेंदूला सवय लागते आणि तीच मात्रा अपुरी वाटू लागते. चिंता टिकून राहिली, तर समुपदेशन आणि अशी सवय न लावणारी दुसरी औषधे आहेत.

प्रत्यक्षात चिठ्ठी एकदाची आणि गोळी वर्षानुवर्षांची, असे घडते. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही दोन्ही औषधे औषधविक्रीच्या नियमांतील ‘शेड्यूल एच-१’ या यादीत आहेत. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण आणि दिलेली मात्रा वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ओळखीपोटी ‘नेहमीची पट्टी’ देणारा मेडिकलवाला गिऱ्हाइकाचे भले करत नाही. आपली गोळी शेजारणीला देणेही तितकेच घातक. दारूसोबत ती श्वास मंदावून जीव घेऊ शकते. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन खुबा मोडतो. गुंगीत दुचाकी चालवणे किंवा अंधारात पाणी भरायला जाणे तर टाळलेच पाहिजे.

मात्र हे वाचून कोणी आजच गोळी फेकून देऊ नये. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली, तर झोप पार उडते, घाम फुटतो, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती टप्प्याटप्प्याने कमी करावी. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो. डॉक्टरांनी पहिल्याच चिठ्ठीवर दिवसांचा आकडा ठळक लिहावा आणि रुग्णाने तो विचारून घ्यावा. आणि रात्रीच्या भीतीचे मूळच कमी व्हावे म्हणून, शेतीला दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्याची मागणी आरोग्य खात्यानेही आपली मानावी.